रद्द झालेली मैफल आणि रसिकांचा राग : बर्मिंगहॅम १९५६ ते ग्रीन्सबरो २०१६

१/
८ एप्रिल २०१६. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो शहरात ब्रूस स्प्रिंग्स्टीन आणि त्यांच्या ई स्ट्रीट बँडची मैफल दोन दिवसांवर आली होती. सुमारे १५ हजार रसिकांच्या हाती तिकिटे होती. त्या दिवशी स्प्रिंग्स्टीन यांनी निवेदन काढून मैफल रद्द केली. राज्याने नुकताच केलेला भेदभावाचा कायदा हे कारण त्यांनी स्पष्ट सांगितले. काही गोष्टी मैफलीपेक्षा महत्त्वाच्या असतात, असा त्या निवेदनाचा आशय होता. तिकिटांचे पैसे परत मिळाले. रसिकांचा राग मात्र शमला नाही. हा धागा त्या रागाच्या इतिहासाचा आहे.

२/
आधी कायदा पाहू. शार्लट शहराने फेब्रुवारी २०१६ मध्ये समलिंगी आणि पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, नागरिकांना भेदभावापासून संरक्षण देणारा नगर-नियम मंजूर केला. तो मोडून काढण्यासाठी राज्य विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावण्यात आले. २३ मार्च रोजी एकाच दिवसात ‘एचबी २’ हे विधेयक मांडले गेले, संमत झाले आणि राज्यपाल पॅट मॅक्रॉरी यांनी त्यावर स्वाक्षरीही केली. सरकारी इमारती व सार्वजनिक शाळांतील स्वच्छतागृह जन्मदाखल्यावरील लिंगानुसारच वापरावे, अशी सक्ती त्यात होती. शहरांनी भेदभावविरोधी नियम स्वतंत्रपणे करू नयेत, अशी बंदीही होती. समर्थकांच्या मते हा खासगीपणाचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न होता.

३/
मैफल रद्द होताच रसिकांमधून तीन प्रकारचे सूर उमटले. पहिला अभिमानाचा : आमच्या कलावंताने पैशापुढे मान तुकवली नाही. दुसरा संतापाचा : गायकाने गावे, राजकारण करू नये. ग्रीन्सबरो परिसराचे तत्कालीन काँग्रेस सदस्य मार्क वॉकर यांनी तर या निर्णयाला दादागिरी म्हटले. तिसरा सूर दुखावलेल्यांचा : हा कायदा आम्हालाही मान्य नाही, मग शिक्षा आम्हालाच का? चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी ही तक्रार होती.

४/
यांतील दुसरी तक्रार लवकर निकालात निघते. ज्या सभागृहात कोण कोणत्या दाराने जाईल हे राज्याचा कायदा ठरवतो, तिथे राजकारण गायकाच्या आधीच येऊन बसलेले असते. तिसरी तक्रार मात्र इतक्या सहज झटकता येत नाही. दूरच्या गावाहून निघालेला, सुट्टी काढलेला, कदाचित कायद्याविरुद्ध मोर्चात चाललेला रसिक ‘माझे काय चुकले?’ असे विचारतो, तेव्हा त्याला उत्तर देणे भाग आहे. ते उत्तर २०१६ मध्ये सापडत नाही. त्यासाठी साठ वर्षे मागे जावे लागते; आणि योगायोग असा, की तीही तारीख १० एप्रिलच.

५/
१० एप्रिल १९५६. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमचे नगर सभागृह. गायक नॅट किंग कोल यांचे त्या रात्री दोन कार्यक्रम होते : पहिला फक्त गोऱ्या श्रोत्यांसाठी, दुसरा कृष्णवर्णीयांसाठी. त्या काळच्या वर्णविभाजनाचा तो रिवाजच होता. कोल यांचा जन्म याच अलाबामातला. पहिला कार्यक्रम नुकताच रंगू लागला असताना काही गोरे वर्णवर्चस्ववादी मंचावर धावून गेले आणि त्यांनी कोल यांना खाली पाडले. पोलिसांनी हल्लेखोरांना पकडले. कोल मंचावर परतले तेव्हा गोऱ्या श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. ते मात्र पुढे गाऊ शकले नाहीत.

६/
गोष्ट इथे संपली असती, तर ती केवळ एका हल्ल्याची नोंद ठरली असती. पुढे जे घडले ते या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी हल्लेखोरांचा निषेध केलाच, पण कोल यांनाही धारेवर धरले. विभागलेल्या श्रोत्यांपुढे गायला हा माणूस गेलाच कशाला? आपण केवळ करमणूक करणारे आहोत, अशी भूमिका कोल यांनी घेतली. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत काही ठिकाणी त्यांच्या तबकड्या ज्यूकबॉक्समधून काढून टाकण्यात आल्या. टीका इतकी वाढली, की त्यांनी ५०० डॉलर भरून एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे आजीव सदस्यत्व घेतले.

७/
म्हणजे मैफल रद्द केल्यावर रसिक चिडतात, हे अर्धेच सत्य झाले. मैफल रद्द न केल्यावरही रसिक चिडतात. मात्र हे दोन्ही राग एकाच गटाचे नसतात. बर्मिंगहॅमच्या सभागृहात टाळ्या वाजवणारे कोल यांचे रसिक होते आणि हार्लेममध्ये तबकडी काढून टाकणारेही त्यांचेच रसिक होते. ‘रसिक’ हा शब्द एकवचनी वाटतो, पण भेदभावाच्या कायद्याने त्याचे आधीच दोन तुकडे केलेले असतात. कलावंताला त्या तुकड्यांपैकी एकाची नाराजी पत्करावीच लागते.

८/
हे सर्वांत स्वच्छ दिसते ते पाच वर्षांनंतर, जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा शहरात. १५ मार्च १९६१ रोजी तिथल्या बेल ऑडिटोरियममध्ये रे चार्ल्स यांचा नृत्य-संगीताचा कार्यक्रम ठरला होता. चार्ल्स याच राज्यात, ऑल्बनी गावी जन्मलेले. जॉर्जियाचे नाव मिरवणारे त्यांचे गाणे आदल्याच वर्षी गाजलेले. कार्यक्रमात नाचण्याची मोठी मोकळी जागा फक्त गोऱ्यांसाठी राखली होती आणि कृष्णवर्णीयांना बाल्कनीत बसायचे होते. ज्यांच्या चर्चमधून आणि वस्त्यांमधून ते संगीत वर आले, त्यांनी ते वरून नुसते पाहायचे!

९/
ऑगस्टातील पेन कॉलेज ही कृष्णवर्णीयांची जुनी शिक्षणसंस्था. तिथल्या विद्यार्थ्यांनी ही व्यवस्था चार्ल्स यांना कळवली. चार्ल्स यांनी कार्यक्रम रद्द केला, कारण जाहीर केले आणि ते शहर सोडून निघून गेले. इथे तपशील नीट पाहावा. हा निर्णय कलावंताने रसिकांच्या डोक्यावर लादलेला नव्हता. ज्यांच्यावर अन्याय होणार होता, त्या रसिकांनीच आवाज दिला होता. बाल्कनीत बसून गाणे ऐकण्यापेक्षा गाणे न ऐकलेले बरे, हे त्यांनी ठरवले आणि चार्ल्स यांनी त्यांचे ऐकले.

१०/
या निर्णयाची किंमतही मोजावी लागली. आयोजकाने करारभंगाचा दावा लावला आणि १४ जून १९६२ रोजी अटलांटा येथील न्यायालयाने चार्ल्स यांना ७५७ डॉलरचा दंड ठोठावला. कायद्याच्या लेखी चूक चार्ल्स यांची होती. सभागृह वर्णावरून विभागणारा आयोजक मात्र निर्दोष! २३ ऑक्टोबर १९६३ रोजी चार्ल्स पुन्हा त्याच बेल ऑडिटोरियममध्ये गायले. या वेळी सभागृहात वर्णभेदाची रेघ नव्हती.

११/
इथे एक लोकप्रिय गैरसमज दूर करायला हवा. ‘रे’ (२००४) या चित्रपटामुळे अनेकांना वाटते, की या प्रकारानंतर जॉर्जियाने चार्ल्स यांच्यावर कायमची बंदी घातली आणि १९७९ मध्ये माफी मागून ती उठवली. अशी बंदी कधीच नव्हती. १९७९ मध्ये त्यांचे ते प्रसिद्ध गाणे अधिकृत राज्यगीत झाले, हे मात्र खरे. चित्रपटाला बंदी आणि माफी हवी होती, कारण त्यातून नायक मोठा होतो. प्रत्यक्ष इतिहासात मोठे ठरतात ते पेन कॉलेजचे विद्यार्थी. आणि लोकस्मृतीतून पुसले गेले तेही तेच.

१२/
बहिष्काराचा धाक वेळेवर दाखवला, तर रसिकाला किंमत मोजावीच लागते असेही नाही. याचे उदाहरण तीन वर्षांनंतरचे. सप्टेंबर १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे गेटर बोल या स्टेडियममध्ये ११ तारखेला त्यांचा कार्यक्रम होता. श्रोत्यांना वर्णानुसार वेगळे बसवणार असाल तर आम्ही वाजवणार नाही, असे त्यांनी आधीच जाहीर केले. नागरी हक्क कायद्यावर त्याच वर्षी २ जुलै रोजी स्वाक्षरी झाली होती, पण कागदावरचा कायदा स्टेडियमच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचायचा होता.

१३/
जॅक्सनव्हिलमध्ये व्यवस्थापनाने माघार घेतली. चक्रीवादळाने झोडपलेल्या त्या शहरात कार्यक्रम झाला आणि श्रोते एकत्र बसले. बीटल्सच्या १९६५ च्या काऊ पॅलेस येथील कार्यक्रमाच्या करारात तर तसे कलमच आहे : विभागलेल्या श्रोत्यांपुढे वाजवण्याची सक्ती या बँडवर असणार नाही. भावनेच्या भरात दिलेल्या नकारापेक्षा करारातले कलम अधिक परिणामकारक असते. आयोजकाला नियम आधीच ठाऊक असतो आणि रसिक शेवटच्या क्षणी तोंडघशी पडत नाही.

१४/
याच बीटल्सचे ड्रमवादक रिंगो स्टार. ५२ वर्षांनंतर, १८ जून २०१६ रोजी, नॉर्थ कॅरोलायनातील केरी येथे त्यांचा कार्यक्रम होता. स्प्रिंग्स्टीन यांच्यापाठोपाठ त्यांनीही तो रद्द केला आणि रसिकांची क्षमा मागितली. पर्ल जॅम या बँडने २० एप्रिलचा रॅलीचा कार्यक्रम रद्द केला. इतर राज्यांतही लोण पोहोचले : मिसिसिपीतील अशाच स्वरूपाच्या कायद्याविरुद्ध ब्रायन ॲडम्स यांनी बिलॉक्सी येथील कार्यक्रम मागे घेतला. पण १९६४ आणि २०१६ यांच्यात एक मोठा फरक होता. जॅक्सनव्हिलचे व्यवस्थापन आपल्या पायऱ्यांवरची रेघ स्वतः पुसू शकत होते. ग्रीन्सबरोच्या सभागृहाच्या व्यवस्थापकाला राज्याचा कायदा बदलता येत नव्हता.

१५/
कायदाच संपूर्ण देशाचा असेल, तर काय करावे? हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेने जगापुढे टाकला होता. डिसेंबर १९६४ मध्ये ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्ड तिथे गेल्या, त्या केवळ मिश्र श्रोत्यांपुढेच गाणार या अटीवर. केपटाऊनजवळ त्यांनी तसा कार्यक्रम केला आणि सरकारने त्यांना देशाबाहेर काढले. अट घालून आत शिरण्याचा मार्ग तिथे बंद होता. पुढे वर्णभेदविरोधी चळवळीने सांस्कृतिक बहिष्काराची हाक दिली आणि डिसेंबर १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने तिला पाठिंबा दिला.

१६/
स्प्रिंग्स्टीन यांचा २०१६ चा निर्णय आकाशातून पडला नव्हता, हे इथे दिसते. ई स्ट्रीट बँडचे गिटारवादक स्टीव्हन व्हॅन झँट यांनी १९८५ मध्ये ‘सन सिटी’ ही तबकडी काढली. दक्षिण आफ्रिकेने उभ्या केलेल्या बोफुथात्स्वाना या नामधारी ‘स्वतंत्र’ प्रदेशातील त्या आलिशान विश्रामधामात आपण वाजवणार नाही, असा निर्धार त्यात अनेक कलावंतांनी गाऊन जाहीर केला. माइल्स डेव्हिस, बॉब डिलन यांच्यासोबत स्प्रिंग्स्टीनही त्यात होते. आदल्याच वर्षी क्वीन या बँडने सन सिटीत कार्यक्रम केले होते आणि त्यांच्यावर मायदेशी टीकेची झोड उठली होती.

१७/
या बहिष्काराचा फटका दक्षिण आफ्रिकेतील सामान्य श्रोत्यांनाही बसला. सुक्याबरोबर ओलेही जळाले. तरीही त्याला नैतिक बळ मिळाले, कारण त्याची मागणी पीडितांच्या चळवळीकडून आली होती. आणि कलावंत सरसकट धुतल्या तांदळासारखे नसतात, हेही इथेच कळते. ऑगस्टात ठाम राहिलेल्या रे चार्ल्स यांनी १९८१ मध्ये, बहिष्कार सुरू असताना, दक्षिण आफ्रिकेत कार्यक्रम केले आणि त्याबद्दल टीका ओढवून घेतली. त्यामुळे १९६१ चा निर्णय खोटा ठरत नाही. इतिहासात निर्णय तपासायचे असतात. माणसांची देवळे बांधायची नसतात.

१८/
आता पुन्हा नॉर्थ कॅरोलायना. तिथे पीडितांचे म्हणणे एकमुखी नव्हते. बहिष्कारामुळे कायद्याकडे जगाचे लक्ष गेले, याचे अनेकांना समाधान होते. पण बडे कलावंत पाठ फिरवत असताना आपण अधिकच एकटे पडतो, असेही काहींना वाटत होते. अगेन्स्ट मी! या बँडच्या गायिका लॉरा जेन ग्रेस स्वतः पारलिंगी. त्यांनी १५ मे रोजीचा डरॅम येथील कार्यक्रम रद्द करण्यास नकार दिला आणि मंचावर आपला जन्मदाखला जाळला. कायदा ज्या कागदावर उभा होता, तोच कागद! सिंडी लॉपर यांनी रॅलीतील कार्यक्रम केला आणि त्याचे उत्पन्न समान हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेला दिले.

१९/
मग कोणाचा मार्ग योग्य? इतिहासाचा कौल कोणा एकाच्या बाजूने नाही, पण कसोट्या मात्र हाती लागतात. पहिली : ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांचे ऐकले गेले का? दुसरी : रद्द करण्याचे कारण आणि परतण्याची अट स्पष्ट आहे का? तिसरी : कलावंताने स्वतः काही गमावले का, की किंमत फक्त रसिकांनी आणि त्या रात्रीच्या रोजंदारीवरच्या कामगारांनी मोजली? ऑगस्टा या तिन्ही कसोट्यांवर उतरते. ग्रीन्सबरोत कारण स्पष्ट होते आणि उत्पन्नावर पाणी सोडले गेले. पहिल्या कसोटीवर मात्र मतभेदाला जागा उरते. डरॅमची मैफल मात्र दुसऱ्या मार्गाने पहिल्या कसोटीला उतरली. म्हणून ग्रेस यांच्या मैफलीला स्प्रिंग्स्टीन यांच्या नकाराचे खंडन मानणे चूक आहे. एकाने कायद्याला जगासमोर उघडे पाडले, दुसऱ्याने पीडितांना एक रात्र दिली.

२०/
परिणामांचे काय? मैफलींनी कायदा पाडला, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पेपाल कंपनीने शार्लटमधील सुमारे ४०० नोकऱ्यांचा प्रकल्प मागे घेतला. एनबीएने २०१७ चा ऑल-स्टार सामना शार्लटमधून न्यू ऑर्लिन्सला नेला. एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने राज्यातील सात स्पर्धा हलवल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये मॅक्रॉरी सुमारे १० हजार मतांच्या निसटत्या फरकाने हरले. ३० मार्च २०१७ रोजी कायद्याचा काही भाग रद्द झाला. पण शहरांवरील बंदी नव्या रूपात डिसेंबर २०२० पर्यंत टिकून राहिली. संगीतकारांचा वाटा इतकाच, की ज्या कायद्याची बातमी राजकारणाच्या पानावर विरून गेली असती, तो घरोघरी चर्चेत आला.

२१/
आणि तो घरोघरी गेला तो नेमका रसिकांच्या निराशेवर स्वार होऊन. ‘माझे काय चुकले?’ या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते : काहीच नाही. पेन कॉलेजच्या विद्यार्थ्यांचेही काही चुकले नव्हते. भेदभावाचा कायदा ज्यांना टोचत नाही, त्यांना त्याचे अस्तित्वच जाणवत नाही. रद्द झालेली मैफल त्या कायद्याचा एक अतिशय लहानसा काटा इतरांच्याही पायात रुतवते. एका संध्याकाळी दारातून परत जावे लागणे म्हणजे काय, हे १५ हजार जणांना त्या दिवशी कळले. फरक एवढाच, की त्यांना पैसे परत मिळाले आणि दुसऱ्या दिवशी सगळी दारे पूर्ववत उघडी होती.

२२/
ग्रीन्सबरोला हा धडा अनोळखी असण्याचे कारण नव्हते. १ फेब्रुवारी १९६० रोजी याच शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातील ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असलेल्या जेवणाच्या काउंटरवर बसले आणि उठायला तयार झाले नाहीत. त्या सत्याग्रहामुळेही अनेक निरुपद्रवी गिऱ्हाइकांचे जेवण चुकले असेल. दुकानाचा धंदा घटला आणि जुलैमध्ये तो काउंटर सर्वांना खुला झाला. आज त्या इमारतीत नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. चुकलेल्या जेवणाची तक्रार त्या काळी कोणी ना कोणी केलीच असणार. तिच्यासाठी मात्र संग्रहालय उभे राहिले नाही.

२३/
म्हणून रसिकाने निराश व्हावे, रागवावेही. तो त्याचा हक्क आहे. कलावंताने त्या रागाचा अपमान करू नये. पैसे वेळेत परत द्यावेत, कारण नीट सांगावे, सभागृहातील कामगारांच्या बुडालेल्या रोजाची आठवण ठेवावी आणि दिवस पालटल्यावर परत यावे. पण रसिकानेही रागाची दिशा तपासावी. ज्या तिकिटाने आपल्याला आत बसण्याचा हक्क दिला, तेच तिकीट हाती असताना शेजारच्या खुर्चीवरील माणसाला सभागृहाचे साधे स्वच्छतागृह वापरण्याची चोरी होणार होती. त्याचीही संध्याकाळ मोजायला हवी.

२४/
स्प्रिंग्स्टीन आणि ई स्ट्रीट बँड २५ मार्च २०२३ रोजी ग्रीन्सबरोच्या त्याच सभागृहात वाजवायला आले. रे चार्ल्स यांना ऑगस्टात परतायला अडीच वर्षे लागली होती. यांना जवळपास सात. मधल्या काळात मैफल हुकलेल्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नोंदलेली नाहीत. तशी पेन कॉलेजच्या त्या विद्यार्थ्यांचीही नावे फारशी कोणाला आठवत नाहीत. यापुढे कधी एखादी मैफल अशा कारणाने रद्द झाल्याची बातमी आली, तर कलावंत काय म्हणतो याच्या आधी एक गोष्ट शोधावी : बाल्कनीत कोणाला बसवले जाणार होते आणि त्यांचे म्हणणे काय आहे?

#इतिहास #धागा #नागरी_हक्क #संगीत